इंदुरात आधारगट शोधताना : दारू सोडलेल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना उपयोगी माहिती

दारू सोडण्याचा निश्चय एखाद्या रात्रीत होऊ शकतो. दारूविना पुढची वर्षे काढायची तर मात्र सोबत लागते. ही सोबत औषधाच्या दुकानात मिळत नाही आणि रुग्णालयातून घरी सोडताना हाती पडणाऱ्या कागदावरही लिहून मिळत नाही. ती शोधावी लागते. हा शोध आपल्या गावात अवघड असतो. परक्या शहरात तो अधिकच अवघड होतो. नोकरीतील बदली, शिक्षण किंवा विवाह यांमुळे गोव्याबाहेर जाणाऱ्या, दारू सोडून काही महिने वा वर्षे झालेल्या माणसापुढे हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात उभा राहतो. येथे त्याचा विचार इंदूर शहराच्या संदर्भात केला आहे. वेर्ण्याप्रमाणेच इंदूरजवळच्या पीथमपुरातही औषधनिर्मितीचे मोठे कारखाने आहेत. शिवाय होळकरांच्या काळापासून इंदुरात मराठी वस्ती आहे. त्यामुळे गोव्यातील मराठी कुटुंबांना हे शहर सर्वस्वी अनोळखी नाही.

प्रश्न किती मोठा आहे, हे एका आकड्यावरून ध्यानात येते. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेले देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात आणि त्यांपैकी सुमारे ५.७ कोटी लोकांना त्यासाठी मदतीची गरज आहे. दारूवर पूर्णतः अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे साहाय्य मिळाले होते. रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळालेल्यांचे प्रमाण १८० मध्ये एक इतके अल्प होते. मद्यपानाचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या राज्यांत याच सर्वेक्षणाने छत्तीसगड, त्रिपुरा, पंजाब व अरुणाचल प्रदेश यांच्याबरोबर गोव्याचेही नाव घेतले आहे.

आधारगट म्हणजे काय

आधारगट म्हणजे एकाच व्यसनातून बाहेर पडलेल्या वा पडू पाहणाऱ्या माणसांनी ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी एकत्र बसून आपले अनुभव परस्परांना सांगणे. तेथे डॉक्टर नसतो, प्रवचनकार नसतो आणि फीही नसते. या प्रकारातील सर्वांत जुनी व सर्वाधिक पसरलेली संघटना म्हणजे ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’, म्हणजेच ‘ए. ए.’. आज सुमारे १८० देशांत तिचे गट आहेत.

या संघटनेचा जन्मच परक्या शहरात अडकलेल्या एका माणसाच्या गरजेतून झाला. न्यूयॉर्कच्या शेअर व्यवहारात वावरणारा बिल विल्सन मे १९३५ मध्ये कामानिमित्त अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरी गेला होता. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. काम फिसकटले, खिशात पैसे थोडे, आणि उतरलेल्या हॉटेलातील बार समोर दिसत होता. पुन्हा पिण्याची ओढ अनावर होऊ लागताच त्याने हॉटेलातील चर्चच्या यादीवरून दूरध्वनी करायला सुरुवात केली. दारूशी झगडणारा दुसरा कोणी या गावात आहे का, हीच त्याची विचारणा होती. त्यातून त्याची गाठ डॉ. रॉबर्ट स्मिथ या शल्यचिकित्सकाशी पडली. डॉ. स्मिथ यांनी शेवटचा प्याला घेतला तो दिवस १० जून १९३५ हा मानला जातो आणि तोच संघटनेचा स्थापनादिन ठरला. त्या दोघांना उमगलेली गोष्ट साधी होती. पिणाऱ्याला घरचे, डॉक्टर वा धर्मगुरू जे पटवून देऊ शकत नाहीत, ते पूर्वी पिणारा माणूस अनेकदा पटवून देऊ शकतो. आणि दुसऱ्याला सांगता सांगता तो स्वतःही सावरलेला राहतो.

भारतात ए. ए.चे काम १९५७ मध्ये सुरू झाले. आज तिचे देशपातळीवरील सेवा कार्यालय मुंबईत असून तिचे साहित्य हिंदी, मराठीसह अनेक भारतीय भाषांत मिळते. सदस्यत्वाची अट एकच आहे : दारू सोडण्याची इच्छा. जात, धर्म, शिक्षण, उत्पन्न विचारले जात नाही. वर्गणी सक्तीची नसते. सभेच्या शेवटी फिरणाऱ्या पेटीत ज्याने त्याने इच्छेनुसार टाकलेल्या पैशांतून जागेचे भाडे आणि चहा निघतो. बाहेरून देणगी घेतली जात नाही. सभेत ऐकलेले बाहेर बोलायचे नाही आणि तेथे भेटलेल्या माणसाची ओळख बाहेर उघड करायची नाही, हा संकेत काटेकोर पाळला जातो. सभा दोन प्रकारच्या असतात. ‘बंद’ सभेत केवळ दारूचा त्रास असलेलेच बसतात. ‘खुल्या’ सभेला नातेवाईक, विद्यार्थी किंवा कोणीही जिज्ञासू येऊ शकतो. प्रथमच जाणाऱ्याने कोणती सभा कोणत्या दिवशी आहे हे विचारून घेतले की अवघडलेपणा कमी होतो.

गटाआधी डॉक्टर

आधारगट हा उपचाराचा एक भाग आहे. तो वैद्यकीय उपचाराची जागा घेऊ शकत नाही. अनेक वर्षे रोज पिणाऱ्या माणसाने एकाएकी दारू थांबवली, तर सहा ते चोवीस तासांत हात थरथरणे, घाम सुटणे, मळमळ, झोप न लागणे असा त्रास सुरू होतो. काहींना पहिल्या दोन दिवसांत झटके येतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींची शुद्ध हरपते, भास होतात, ताप चढतो. ही अवस्था जीवघेणी ठरू शकते. असे झाल्यास सभेची वेळ पाहत न बसता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. ही सेवा मध्य प्रदेशात आणि गोव्यातही आहे. पूर्वी दारू थांबवताना झटके आले असतील, तर पुढच्या वेळी दारू थांबवण्याआधीच डॉक्टरांना गाठावे.

इंदुरात शासकीय सोय दोन ठिकाणी आहे. एक, महाराजा यशवंतराव रुग्णालय, जे शहरात ‘एम. वाय.’ या नावाने ओळखले जाते. ते महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे. दुसरे, बाणगंगा भागातील शासकीय मानसिक रुग्णालय. मानसोपचार विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात व्यसनाची तपासणी होते, औषधे सुरू होतात आणि पुढे कोणत्या गटाकडे जावे याची चौकशीही तेथे करता येते. शहर नवे असले तरी वैद्यकीय कागदपत्रे जुनीच उपयोगी पडतात. म्हणून गोव्यातून निघताना उपचारपत्रे, सुरू असलेल्या औषधांची नावे आणि मात्रा यांची प्रत जवळ ठेवावी.

येथेच एक धोक्याची सूचना आवश्यक आहे. डायसल्फिरम नावाचे औषध घेतलेल्या माणसाने दारू घेतली, तर चेहरा लाल होणे, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब उतरणे अशी तीव्र प्रतिक्रिया येते. ‘पिणाऱ्याला कळू न देता’ जेवणात वा चहात हे औषध कालवण्याचा सल्ला आजही घरोघर दिला जातो. हा प्रकार प्राणावर बेतू शकतो. हे औषध माणसाच्या संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि शेवटच्या पेयानंतर किमान बारा तास उलटल्यावरच घ्यायचे असते. शिवाय, कपटाने औषध दिल्याचे उघड झाले की घरातला विश्वास संपतो. आणि उपचाराचा पुढचा सारा भार याच विश्वासावर असतो.

सुरुवात कोठून करावी

इंदुरात पोहोचल्यावर नव्हे, निघण्यापूर्वी सुरुवात करणे उत्तम. गोव्यात जो गटात जात असेल त्याने आपल्या गटातील जुन्या सदस्यास सांगावे. ए. ए.चे गट परस्परांशी जोडलेले असल्याने इंदुरातील एखाद्या सदस्याचा संपर्क मिळणे सहसा कठीण नसते. स्थानकावर वा विमानतळावर उतरण्यापूर्वी एका अनोळखी माणसाशी फोनवर बोलणे झालेले असेल, तर पहिली सभा चुकण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. गटाचा पूर्वीचा संबंध नसल्यास ए. ए.च्या मुंबईतील कार्यालयाकडे वा संघटनेच्या संकेतस्थळावर शहरनिहाय चौकशी करता येते. सभांच्या जागा शाळा, चर्च, धर्मशाळा वा सामाजिक सभागृहांत असतात आणि त्या बदलतात. म्हणून मिळालेल्या पत्त्यावर जाण्याच्या दिवशीच फोन करून खात्री करून घ्यावी. बंद दारापाशी परतलेला माणूस दुसऱ्यांदा निघेलच असे नाही.

शासनाच्या दोन दूरध्वनी सेवा देशभर निःशुल्क आहेत. व्यसनमुक्तीसाठी सामाजिक न्याय मंत्रालयाचा १४४४६ हा क्रमांक आहे. जवळचे शासनमान्य केंद्र कोठे आहे, याची माहिती तेथे मिळते. दुसरी सेवा ‘टेली-मानस’ हिचा क्रमांक १४४१६ असून ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. मानसिक ताण, निद्रानाश, आत्महत्येचे विचार यांसाठी प्रशिक्षित समुपदेशकाशी तेथे रात्री-अपरात्रीही बोलता येते, आणि तेही विविध भारतीय भाषांत. रात्री दोनला सभा नसते. अशा वेळी हा क्रमांक फोनमध्ये आधीच साठवलेला असावा.

शहराचा भूगोलही ध्यानात घ्यावा. पीथमपूर आणि महू ही ठिकाणे इंदूरपासून पंचवीस-तीस किलोमीटरच्या टप्प्यात आहेत. पाळीत काम करणाऱ्यास संध्याकाळी सातची शहरातील सभा दर आठवड्यास गाठता येईलच असे नाही. अशा वेळी सुटीच्या दिवसाची एक सभा प्रत्यक्ष आणि आठवड्यातील उरलेल्या दिवसांसाठी ऑनलाइन सभा, अशी जुळणी अधिक टिकते.

दारूच्या दुकानांबाबतच्या शासकीय निर्णयांवर मात्र विसंबू नये. मध्य प्रदेश शासनाने १ एप्रिल २०२३ पासून दुकानांलगतचे ‘अहाते’, म्हणजे बसून पिण्याच्या जागा, बंद केल्या. १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, महेश्वर, मंडलेश्वर, ओंकारेश्वर यांसह १९ धार्मिक स्थळी दारूविक्री थांबवली. इंदूर त्या यादीत नाही. दुकान दूर गेले तर मोह टाळणे काही अंशी सोपे होते. परंतु एकटेपणा, निद्रानाश आणि जुनी सवय त्याने जात नाही. गट शोधायचा तो त्यांच्यासाठी.

भाषा आणि ओळखीची माणसे

इंदुरातील सभा मुख्यतः हिंदीत चालतात. गोव्यातील मराठी माणसाला हिंदी समजते, यात शंका नाही. खरा प्रश्न बोलण्याचा आहे. पगार दारूत उडवल्याची, मुलांसमोर पडल्याची, आईवर हात उगारल्याची लाज कोणत्या भाषेत शब्दांत येते, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. काहींना परक्या भाषेत बोलणेच सोपे जाते. थोडे अंतर राहते आणि धीर येतो. काहींना मात्र मराठीवाचून किंवा कोकणीवाचून गळा मोकळा होत नाही. अशांनी स्थानिक हिंदी गटात नियमित जावे आणि त्यास जोड म्हणून महाराष्ट्र वा गोव्यातील गटांच्या ऑनलाइन सभांना बसावे. गोव्यातील जुन्या गटातील ज्येष्ठ सदस्याशी ठरलेल्या दिवशी फोनवर बोलत राहणेही तितकेच उपयोगी पडते.

रामबाग, लोकमान्य नगर अशा भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. गणेशोत्सव, नाट्यप्रयोग आणि साहित्यसभा यांमुळे त्यांचे परस्परांशी दाट संबंध आहेत. हा जिव्हाळा नव्याने आलेल्या कुटुंबाला आधार देतो. पण कोणीतरी ओळखेल या भीतीने गटाच्या दारातून परतण्याचे कारणही तोच ठरतो. गोव्याच्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. फोंड्यातला माणूस मडगावच्या सभेला जातो, म्हापशाचा पणजीला, तो याच कारणाने. इंदुरातही घराजवळच्या गटाऐवजी दोन-चार वस्त्या ओलांडून पलीकडचा गट निवडण्यास हरकत नाही. पुढे धीर आल्यावर जवळचा गट धरता येतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी : सभेत ओळखीचा चेहरा दिसला, तर तोही त्याच कारणासाठी तेथे आलेला असतो.

योग्य गट कसा ओळखावा

एका सभेवरून गटाची पारख होत नाही. नातेवाइकांसाठीची ‘अल-अनॉन’ संघटना नव्याने येणाऱ्यास किमान सहा सभा पाहून मग ठरवण्यास सुचवते. दारू सोडणाऱ्यासाठीही ते माप योग्य आहे. शक्य असल्यास दोन-तीन वेगवेगळ्या गटांत बसून पाहावे. त्या काळात पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

सभा वेळेवर सुरू होते आणि वेळेवर संपते का? नव्या माणसाला बोलण्याची सक्ती होते की केवळ ऐकत बसण्याची मुभा असते? पाच-दहा वर्षे दारूविना काढलेले सदस्य आणि नुकतेच आलेले, असे दोन्ही प्रकारचे लोक तेथे आहेत का? पुन्हा प्यायलेला सदस्य परत आला, तर त्याला टोमणे मिळतात की खुर्ची? सभेनंतर कोणी फोन क्रमांक देते का? आपल्या वयाचे, आपल्यासारखे काम करणारे कोणी तेथे दिसते का? आणि शेवटचा प्रश्न : पुढच्या आठवड्यात येथे यावेसे वाटते का? बाकी सारी उत्तरे समाधानकारक असून हे एक उत्तर नकारार्थी असेल, तर दुसरा गट पाहावा. माणूस ज्या गटात पुन्हा पुन्हा जातो, तोच त्याच्यासाठी योग्य गट.

काही गोष्टी दिसताच सावध व्हावे. सभेत उसने पैसे मागितले जाणे, एखादे उत्पादन वा विमा विकण्याचा प्रयत्न, डॉक्टरांनी दिलेली औषधे बंद करण्याचा सल्ला, एकाच व्यक्तीचा शब्द अंतिम मानला जाणे, किंवा नव्या महिला सदस्याशी अनावश्यक सलगी यांपैकी काही आढळल्यास तो गट सोडावा. औषधांविषयी निर्णय डॉक्टरांचा; सहसदस्याचा नव्हे.

महिलांच्या अडचणी निराळ्या आहेत. वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणात मद्यपान करणाऱ्या १७ पुरुषांमागे एक महिला असे प्रमाण आढळले. साहजिकच बहुतेक सभांत पुरुषांचीच संख्या मोठी असते आणि एकट्या स्त्रीला तेथे बोलणे जड जाते. महिलांच्या स्वतंत्र ऑनलाइन सभा हा त्यावरचा चांगला मार्ग आहे. पहिल्या प्रत्यक्ष सभेला खुली सभा निवडून सोबत विश्वासातील व्यक्ती नेता येते.

देव, धर्म आणि इतर मार्ग

ए. ए.च्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा, म्हणजे ज्याला जशी समजेल तशा उच्च शक्तीचा, उल्लेख आहे. काहींना तो आधार वाटतो, काहींना अडसर. अनेक नास्तिक सदस्य गटालाच ती शक्ती मानतात आणि वर्षानुवर्षे सभेत येतात. तरीही मन घेत नसेल तर पर्याय आहेत. रुग्णालयांच्या मानसोपचार विभागांत चालणाऱ्या गटसमुपदेशनात धार्मिक भाग नसतो. अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू झालेल्या ‘स्मार्ट रिकव्हरी’ या पद्धतीत विचार आणि सवयी बदलण्याच्या तंत्रांवर भर असून तिच्या ऑनलाइन सभा इंग्रजीत उपलब्ध आहेत.

मराठी माणसाला जवळचा वाटणारा आणखी एक मार्ग पुण्यातून जातो. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या आर्थिक साहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. निवासी उपचार संपल्यावर माणूस घरी गेला की खरी परीक्षा सुरू होते, हे ओळखून त्या संस्थेने महाराष्ट्रात ठिकठिकाणी पाठपुराव्याच्या सभांची व्यवस्था उभी केली. पत्नींसाठी तेथे ‘सहचरी’ गट आहे. इंदुरातील मराठी कुटुंबाला निवासी उपचाराची गरज भासल्यास भाषेच्या दृष्टीने पुणे हा विचारात घेण्याजोगा पर्याय आहे. मात्र परतल्यावर स्थानिक गट लागतोच.

गटांचा उपयोग होतो का, या प्रश्नाला आता संशोधनाचेही उत्तर आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कॉक्रेन’ आढाव्यात २७ अभ्यासांतील १० हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली गेली. वर्षभरानंतर पूर्णपणे दारूविना राहिलेल्यांचे प्रमाण ए. ए.शी जोडणाऱ्या उपचारांत ४२ टक्के, तर इतर उपचारांत ३५ टक्के आढळले. हा फरक मोठा चमत्कार नाही. परंतु विनामूल्य आणि आयुष्यभर उपलब्ध असणाऱ्या साधनाच्या बाबतीत तो दुर्लक्ष करण्याजोगाही नाही. उरलेल्यांचे काय, याचे उत्तर असे की दारू सुटण्यास अनेकांना एकापेक्षा अधिक प्रयत्न लागतात आणि पुन्हा प्यायला लागलेल्या माणसासाठी गटाचे दार बंद होत नाही.

केंद्र आणि गट यांतील भेद

‘नशामुक्ती केंद्र’ अशी पाटी लावलेली जागा आणि आधारगट यांत गल्लत होऊ नये. गटात माणूस आपल्या पायांनी येतो आणि आपल्या पायांनी घरी जातो. केंद्रात त्याला दाखल करून ठेवले जाते आणि खासगी केंद्रांत त्यासाठी पैसे मोजावे लागतात. त्यामुळे दाखल करण्यापूर्वी चौकशी करणे कुटुंबाचे कर्तव्य आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार दारूच्या व्यसनाशी निगडित मानसिक अवस्था ‘मानसिक आजार’ या व्याख्येत येतात आणि अशा रुग्णांना ठेवून घेणाऱ्या संस्थेस नोंदणी आवश्यक असते. त्याच कायद्याने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंडात ठेवण्यास मनाई केली आहे. नोंदणी आहे का, डॉक्टर किती वेळा येतात, रुग्णाशी फोनवर बोलू देतात का, राहण्याची जागा आणि स्वयंपाकघर पाहू देतात का, हे चार प्रश्न विचारावेत. उत्तरे टाळली गेली तर तेथून निघावे. ‘घरी येऊन उचलून नेऊ’ असे सांगणाऱ्या केंद्रापासून दूर राहावे. स्वयंसेवी संस्थांमार्फत चालणारी शासन-अनुदानित केंद्रेही आहेत. त्यांची माहिती १४४४६ वर मिळते.

घरच्यांचा गट

इंदुरात मुलगा, गोव्यात आईवडील, अशी स्थिती असल्यास घरच्यांची घालमेल वाढते. दिवसातून दहा वेळा फोन, आवाजावरून अंदाज, पैशांवर नियंत्रण, मालकाकडे परस्पर चौकशी, हे सारे प्रेमापोटी होते. पण त्याने मुलगा लपवायला शिकतो. ‘अल-अनॉन’ ही संघटना अशा नातेवाइकांसाठी १९५१ पासून काम करते आणि किशोरवयीन मुलांसाठी तिचेच ‘अलाटीन’ हे अंग आहे. पिणारा गटात जात असो वा नसो, घरच्यांनी स्वतःसाठी या सभांना जावे. दारू पिण्यास आपण कारणीभूत नाही आणि ती थांबवणे आपल्या एकट्याच्या हाती नाही, हे तेथे कळते. त्याने आईच्या रात्रीच्या झोपेपासून ते घरातील भांडणांपर्यंत अनेक गोष्टींत फरक पडतो.

दुरून करता येण्याजोगी मदतही आहे. सभेच्या दिवशी त्या वेळेत फोन न करणे, ‘आज प्यायलास का’ याऐवजी ‘सभा झाली का’ असे विचारणे, आणि सणासुदीला घरी येण्याचा कार्यक्रम आधी ठरवून गोव्यातील सभेची वेळही कळवून ठेवणे. चतुर्थी, नाताळ, कार्निव्हल किंवा इंदूरची रंगपंचमी हे दिवस दारू सोडलेल्या माणसाला कामाच्या दिवसांपेक्षा कठीण जातात.

गोव्यातच असणाऱ्यांसाठी

हीच पद्धत गोव्यातही लागू पडते. बांबोळीची आयपीएचबी ही शासकीय मानसोपचार संस्था आणि जिल्हा रुग्णालये वैद्यकीय उपचारासाठी आहेत, ए. ए.चे गट राज्यात आहेत. मद्यपान हानिकारक होत आहे पण पूर्ण व्यसन जडलेले नाही, अशा टप्प्यावरच्या पुरुषांसाठी गोव्यात झालेला एक प्रयोग जगभर चर्चिला गेला. पर्वरीच्या ‘संगत’ संस्थेने राज्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या सामान्य व्यक्तींकडून थोड्याच भेटींचे समुपदेशन करून पाहिले. ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के पुरुष धोक्याच्या पातळीखाली आले होते, नेहमीची सुधारित सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. धोक्याची पातळी ठरवण्यासाठी वापरली गेलेली जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची चाचणी आरोग्य केंद्रात वा घरीही सोडवता येते. आठ वा अधिक गुण आल्यास सल्ला घ्यावा. वीस वा अधिक आल्यास विलंब न करता मानसोपचारतज्ज्ञाला भेटावे.

इंदूर असो वा पणजी, पहिल्या सभेसाठी लागणारी तयारी थोडकी आहे. डॉक्टरांचा सल्ला, खात्री केलेला पत्ता, सभेची वेळ, एका सदस्याचा फोन क्रमांक आणि पुढच्या सहा आठवड्यांतील त्या वेळा मोकळ्या ठेवण्याची तजवीज. सभेत बोललेच पाहिजे असे नाही. मागच्या रांगेत बसून ऐकले आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले, तरी सुरुवात झाली असे समजावे.